सहावा खेळाडू देऊन पिव्होट घ्यावा का? आधी २२ मिनिटांचा हिशोब

प्रश्न असा आहे. नाशिकमध्ये गंगापूर रोड भागातला एक क्लब, पुरुषांचा बास्केटबॉल संघ, समोर जिल्हा पातळीवरची लीग. सुरुवातीच्या पाचांनंतर बेंचवरून सर्वात आधी उतरणारा, म्हणजे सहावा खेळाडू, सामन्याला १२ च्या आसपास गुण काढणारा एक गार्ड (बॉल पुढे आणणारा, बाहेरून खेळणारा) त्यांच्याकडे आहे. नाशिकरोडच्या एका क्लबने त्याच्या बदल्यात सहा फूट चार इंचाचा पिव्होट (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) देऊ केलाय. रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर उसळलेले बॉल, हातात येत नाहीत ही संघाची जुनी तक्रार. समितीचं म्हणणं, ‘सुरुवातीच्या पाचात नसलेला मुलगा जातोय आणि उंच खेळाडू येतोय, मग अडतंय कुठे? एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) तर असे ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, सतत होतात.’ कोचच्या मनाला मात्र ते पटत नाही.

माझं मत आधीच सांगतो. तुमचा तिसरा गार्ड आज, दबावाच्या सामन्यात, किमान १२ मिनिटं बॉल सांभाळू शकत असेल तर हा व्यवहार करण्यासारखा आहे. नसेल, तर समोरचा पिव्होट साडेसहा फुटांचा असला तरी करू नका. त्या मुलाचे १२ गुण हा यातला सर्वात कमी महत्त्वाचा आकडा आहे. तो मैदानात असतो ती मिनिटं कोण खेळणार आणि कोणाबरोबर खेळणार, यावर सगळं ठरतं.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांनी सामना ४० मिनिटांचा आणि मैदानात ५ जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. बऱ्या जिल्हा संघाची वाटणी साधारण अशी निघते : पॉइंट गार्ड ३२, दुसरा गार्ड २६, दोन्ही फॉरवर्ड ३०-३०, पिव्होट २५. ही झाली १४३. उरलेल्या ५७ पैकी सहाव्या खेळाडूला २२, दुसऱ्या पिव्होटला १५ आणि फॉरवर्डच्या जागी उतरणाऱ्या दोघांना मिळून २०. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, ते आपल्या वहीतून घाला. आता हेच जागेनुसार मांडा. गार्डच्या दोन जागांची ८० मिनिटं : ३२, २६ आणि २२. पिव्होटची ४० : २५ आणि १५. नवा पिव्होट आला की त्याला निदान २४ मिनिटं द्यावी लागणार, नाहीतर तो आणायचाच कशाला? मग तुमच्या आधीच्या दोन पिव्होटना मिळून १६ उरतात. म्हणजे गार्डची २२ मिनिटं उघडी पडली आणि पिव्होटच्या जागेवर २४ मिनिटांची गर्दी झाली. समितीला हा कागद दाखवा. ‘एक दिला, एक घेतला’ हे वरून बरोबरीचं दिसतं, प्रत्यक्षात तुम्ही एका जागेची मिनिटं देऊन दुसऱ्या जागेची घेताय.

ही गर्दी सोडवायचा एकच मार्ग असतो, साखळी सरकवणं. जुना पिव्होट फॉरवर्डला, फॉरवर्ड विंगला (कडेने खेळणारा) आणि विंग गार्डला. हे होतं का, ते कागदावर कळत नाही. तुमचा फॉरवर्ड समोरच्या चपळ विंगला पहिली तीन पावलं अडवू शकतो का? तुमचा विंग फुल कोर्ट प्रेस (पूर्ण मैदानभर अंगावर येणारा बचाव) लागलेली असताना ८ सेकंदांत बॉल अर्ध्यापार नेतो का? दोन्हींचं उत्तर सरावात तपासा. एका बाजूला हा नवा क्रम, दुसऱ्या बाजूला तुमचे सर्वात वेगवान पाच जण, १० मिनिटं प्रेस आणि बाकी काही नाही. त्या १० मिनिटांत ५ पेक्षा जास्त टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं) झाले तर साखळी सरकत नाही असं समजा.

एनबीएचा दाखला समितीने दिलाच आहे, तर तो नीट बघू. बेंचवरचा मोठा खेळाडू दिल्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण जेम्स हार्डनचं. २०११-१२ च्या मोसमात तो ओक्लाहोमा सिटी थंडरचा सहावा खेळाडू होता, सरासरी १६.८ गुण, आणि त्या वर्षीचा ‘सिक्स्थ मॅन ऑफ द इयर’ पुरस्कार त्यालाच मिळाला. संघ अंतिम फेरीत पोहोचून मायामी हीटकडून ४-१ ने हरला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये करार वाढवण्याच्या रकमेवर एकमत झालं नाही आणि थंडरने त्याला ह्यूस्टन रॉकेट्सला दिलं. बदल्यात केविन मार्टिन, जेरेमी लॅम्ब आणि ड्राफ्टमधले (नवे खेळाडू निवडायचे) हक्क आले. लोकांना यातलं पुढचं एवढंच आठवतं की हार्डन २०१८ मध्ये एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला. पण २०१२-१३ चा मोसम बघा. मार्टिनने बेंचवरून सरासरी १४ गुण दिले आणि थंडरने ८२ पैकी ६० सामने जिंकले. गुण जवळपास भरून निघाले होते. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत रसेल वेस्टब्रुकचा गुडघा गेला. मार्टिन हा दुसऱ्याने तयार करून दिलेल्या संधीवर शूट करणारा खेळाडू. बॉल हातात घेऊन पिक अँड रोल (साथीदाराने स्क्रीन लावून, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून, मग रिंगकडे जायची मूव्ह) चालवणारा दुसरा माणूस, जो हार्डन होता, तो आता संघात नव्हता. पुढच्या फेरीत मेम्फिसने त्यांना ४-१ ने बाहेर काढलं. गुण भरता आले, बॉल हाताळणीची मिनिटं भरता आली नाहीत.

याच्या उलट बोस्टन. माल्कम ब्रॉग्डन २०२२-२३ चा सर्वोत्तम सहावा खेळाडू, २६ मिनिटं आणि १४.९ गुण. ऑक्टोबर २०२३ मध्ये बोस्टनने त्याला रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीच्या दोन हक्कांसह पोर्टलंडला दिलं आणि ज्रू हॉलिडे घेतला. त्या मोसमात त्यांनी ६४ सामने जिंकले आणि २०२४ चं विजेतेपद मिळवलं. हे जमलं कारण ब्रॉग्डनची मिनिटं घ्यायला माणसं हजर होती. हॉलिडे आणि डेरिक व्हाइट दोघेही बॉल आणणारे गार्ड, आणि बेंचवर पेटन प्रिचर्ड, जो आदल्या वर्षी जेमतेम १३ मिनिटं खेळत होता तो २२ पर्यंत गेला. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ च्या मोसमात तोच पुरस्कार प्रिचर्डला मिळाला. तुमच्याकडे तुमचा प्रिचर्ड आहे का, हा खरा प्रश्न आहे. न्यूयॉर्कने डिसेंबर २०२३ मध्ये बेंचवरचा गार्ड क्विकली आणि सोबत बॅरेट देऊन अनुनोबी घेतला, तेव्हाही माइल्स मॅकब्राइड नावाचा तिसरा गार्ड वाट बघत बसला होता, आणि तरीही फेब्रुवारीत त्यांना बेंचवरून गुण काढणारे आणखी दोन खेळाडू डेट्रॉइटकडून आणावे लागले.

आणि एक फरक समितीला समजावून सांगायलाच हवा. तिथले बरेच ट्रेड पैशांच्या नियमांमुळे होतात. पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघाला जेवढा पगार बाहेर पाठवला त्याच्या जवळपासच परत घेता येतो, वर लक्झरी टॅक्स (पगार ठरावीक रकमेपुढे गेला की संघाने भरायचा कर), करार संपायची तारीख आणि फेब्रुवारीतली ट्रेडची अंतिम मुदत. आपल्याकडे यातलं काहीच नाही. खेळाडूचा करार नाही, पगार नाही. त्यामुळे एनबीए क्लबला जी सक्ती असते ती तुम्हाला नाही, आणि त्यांना जो अधिकार असतो तोही नाही. तिथे करारात खास अट नसेल तर खेळाडूला न विचारता पाठवता येतं. इथे मुलगा ‘नाही’ म्हणाला तर विषय तिथेच संपतो, आणि संपायलाच हवा.

आता मोजायचं कसं ते सांगतो. स्कोअरशीटवर गुण, फाउल, टाइमआउट मिळतात. खेळाडू सामन्यात उतरला याची खूणही मिळते. पण घड्याळात किती वेळ असताना तो आत गेला आणि कधी बाहेर आला, हे मिळत नाही. म्हणून बेंचवर एका ज्युनिअरला वही देऊन बसवा. चार रकाने पुरतात : क्वार्टर, घड्याळ, कोण आत कोण बाहेर, त्या क्षणाचा स्कोअर. जुन्या सामन्यांचे मोबाइलवर काढलेले व्हिडिओ असतील तर त्यावरूनही हे काढता येतं, वेळ लागतो पण काम चोख होतं. निदान ८ सामने घ्या. एकदोन सामन्यांचा प्लस-मायनस (खेळाडू मैदानात असताना आपले गुण वजा त्यांचे गुण) फसवतो. समोरचा मुख्य गार्ड दोन फाउल घेऊन बसलेला असेल तर आपल्या कोणाचाही आकडा त्या वेळात चांगला दिसतो.

मग मिनिटांचे तीन ढीग करा. पहिला, दोन्ही मुख्य गार्ड आत. दुसरा, एक मुख्य गार्ड आणि हा सहावा खेळाडू. तिसरा, मुख्य गार्ड दोघेही बाहेर आणि बॉल एकट्या सहाव्याच्या हातात. प्रत्येक ढिगात आपले गुण, त्यांचे गुण आणि पझेशन (बॉल आपल्या ताब्यात आल्याच्या पाळ्या) काढा. पझेशनचं सूत्र सोपं आहे : मारलेले शॉट, वजा स्वतःच्या मिसवर घेतलेले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट. समजा एका टप्प्यात १२ शॉट, ३ ऑफेन्सिव्ह रिबाउंड, ४ टर्नओव्हर, ५ फ्री थ्रो. मग १२ − ३ + ४ + २.२, म्हणजे १५.२ पझेशन. त्यात १७ गुण झाले असतील तर दर पझेशनला १.१ च्या वर, जे आपल्या पातळीवर फार चांगलं आहे. तिसऱ्या ढिगात मिनिटं भरपूर असतील आणि आकडा पहिल्या ढिगाच्या जवळ असेल, तर हा मुलगा तुमचा दुसरा पॉइंट गार्ड आहे, नाव काहीही द्या. तिसरा ढीग जवळपास रिकामा असेल, म्हणजे तो कायम कोणातरी मुख्य गार्डबरोबरच खेळत असेल, तर त्याची जागा भरणं पुष्कळ सोपं.

त्याच वहीतून त्याच्या १२ गुणांची फोड करा. फास्ट ब्रेकवर (समोरचे परतायच्या आत झटपट हल्ला) किती, दुसऱ्याच्या पासवर उभ्या उभ्या किती, स्वतः ड्रिबल करून किती, फ्री थ्रो किती. फास्ट ब्रेकचे गुण बऱ्याच अंशी परत येतात, कारण चांगला पिव्होट रिबाउंड घेऊन लगेच आउटलेट (पुढच्या खेळाडूला पहिला पास) देऊ शकतो आणि पुढे पळायला तुमच्या विंगची पोरं आहेतच. पासवरचे गुण दुसरा शूटर भरतो. पण २४ सेकंदांच्या घड्याळात शेवटचे ५-६ सेकंद उरले असताना, सगळी मूव्ह फसल्यावर, स्वतःच्या जोरावर काढलेले गुण परत येत नाहीत. ते करणारा माणूस प्रत्येक संघात एखाददुसराच असतो.

आणखी एक गोष्ट बघा : चौथ्या क्वार्टरची शेवटची ५ मिनिटं. बरोबरीच्या सामन्यात तेव्हा हा मुलगा मैदानात असतो का? असेल, तर तुम्ही बेंचवरचा खेळाडू देत नाही आहात, तुमच्या शेवटच्या पाचातला खेळाडू देताय. सुरुवात कोण करतं याला फार मान मिळतो, पण सामना कोण संपवतं त्यावर निकाल लागतो.

रिबाउंडची तक्रार खरी आहे का, हेही तपासा. समोरच्यांच्या चुकलेल्या शॉटपैकी आपण किती रिबाउंड घेतो हे काढा. १०० पैकी ६५ च्या खाली असाल तर अडचण आहे. पण निसटलेले रिबाउंड पडतात कुठे? कागदावर अर्धा कोर्ट काढून फुल्या मारा. फुल्या रिंगपासून दोन-तीन पावलांत असतील तर पिव्होट उपयोगाचा. फुल्या फ्री थ्रो लाइनच्या आसपास आणि कोपऱ्यांत असतील तर ते तीन गुणांच्या शॉटचे लांब रिबाउंड आहेत आणि ते तुमचे गार्ड बॉक्स आउट न करता पळतात म्हणून जातात. सहा फूट चार इंचाचा माणूस तिथे काही करू शकत नाही. २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन, माणसाऐवजी जागा राखायचा बचाव) खेळत असाल तर हे आणखी वाढतं, कारण झोनमध्ये कोणाला अडवायचं हे ठरलेलं नसतं. अशा वेळी खेळाडू बदलण्याआधी तीन आठवडे रोज १५ मिनिटं बॉक्स आउट घ्या : शॉट गेला की पाचही जणांनी आधी माणूस शोधायचा, पाठीवर घ्यायचा, मग बॉलकडे बघायचं. बहुतेक संघांना व्यवहाराआधी हेच करून बघायची गरज असते.

समजा हे सगळं बघून व्यवहार योग्य ठरला. मग येणाऱ्या पिव्होटची पारख. त्याचे दोन पूर्ण सामने बघा आणि एकदा आपल्या पोरांबरोबर सरावात खेळवा. उंची मोजून झाली असेल, आता फाउल मोजा. १२ मिनिटांत ३ फाउल करणारा पिव्होट २० व्या मिनिटाला पाचव्या फाउलवर बाहेर बसतो. त्याला २४ मिनिटं द्यायचा बेत तिथेच कोसळतो. त्याचे फाउल कुठे होतात तेही बघा. शॉट अडवताना होत असतील तर शिकवता येतं, परत पळताना मागे पडून पाठीमागून होत असतील तर दमाचा प्रश्न आहे. दमासाठी आडव्या पळवा : १५ मीटर रुंदीचा कोर्ट, एका मिनिटात १७ आडव्या. पिव्होटने १५-१६ केल्या तरी चालेल. दोन मिनिटं थांबून दुसरी फेरी द्या, त्यात १२ वर आला तर तयारीला निदान दीड महिना लागणार.

फ्री थ्रो १० पैकी ५ च्या खाली असतील तर शेवटच्या क्वार्टरमध्ये तुमच्या विरोधात त्याचाच वापर होईल. क्वार्टरमधले चार संघ-फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो, आणि मग समोरचे त्यालाच फाउल करणार. गुडघ्यांबद्दल थेट विचारा. आपल्याकडचे बरेच कोर्ट सिमेंटचे, आणि उंच, वजनदार मुलांच्या गुडघ्यांवर आणि टाचेवर त्याचा भार सर्वात आधी येतो. सरावात त्याने स्क्रीन कसा लावला, पास हातात धरला की निसटला, पिक अँड रोलवर मागे थांबला की बाहेर आला, हे वहीत लिहून ठेवा. रिंगखाली उभं राहून बॉल मागणारा पिव्होट आणि तुमचा आधीचा पिव्होट, दोघांना तीच जागा हवी असेल तर दोघांना एकत्र उतरवू नका. तुमच्या गार्डला ले-अपसाठी आत शिरायला वाट राहणार नाही.

व्यवहाराच्या अटींवर लोक घाईत असतात, तिथे थोडं थांबा. आधी ज्या लीगमध्ये आणि स्पर्धांत खेळायचं आहे त्यांची नियमपत्रिका वाचा : नावं द्यायची शेवटची तारीख, एका मोसमात एका क्लबकडून खेळल्यावर दुसऱ्याकडून उतरता येतं का, जुन्या क्लबचं ना हरकत पत्र लागतं का. तारीख उलटली तर तुमचा गेलेला असतो आणि त्यांचा आलेला नसतो. दोन्ही नावं एकाच दिवशी, दोन्ही क्लबच्या सह्यांनी द्या. कायमचं देण्यापेक्षा एका मोसमापुरतं ठरवा आणि परत यायची तारीख लिहून घ्या. आणि फक्त पिव्होटवर अडून बसू नका. त्यांच्याकडे १८-१९ वर्षांचा बॉल हाताळणारा गार्ड असेल तर तोही मागा, कारण तुमचं भगदाड तिथेच पडणार आहे. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर उघडे कोर्ट ओले असतात, तेव्हा त्यांच्याकडे इनडोअर हॉलची वेळ असेल तर आठवड्यात दोन संध्याकाळी मागा. ही मागणी खेळाडूइतकीच मोलाची ठरू शकते.

मुलाशी बोलणं या सगळ्याच्या आधी. समितीत चर्चा सुरू व्हायच्या आधी कोचने त्याला एकट्याला भेटून विचारायचं. कॅप्टनकडून निरोप नाही, ग्रुपवर मेसेज नाही. त्याला तिथे किती मिनिटं मिळतील, सुरुवातीच्या पाचात असेल का, हे समोरच्या कोचकडून विचारून घेऊन त्याला सांगा. नोकरी सातपूर-अंबडला असेल तर संध्याकाळी सहाच्या सरावाला रोज नाशिकरोड गाठणं जमणार का, हा साधा प्रश्नही त्याच्या वतीने तुम्हीच विचारा. कॉलेजात असेल तर विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धांच्या आणि परीक्षांच्या तारखा बघा. मनाविरुद्ध गेलेला खेळाडू दोन्हीकडे उपयोगाचा राहत नाही. लामार ओडम २०१०-११ मध्ये लेकर्सचा बेंचवरून येणारा सर्वोत्तम खेळाडू होता, सरासरी १४.४ गुण. ख्रिस पॉलसाठीच्या, पुढे लीगने रद्द केलेल्या ट्रेडमध्ये आपलं नाव होतं हे कळल्यावर तो दुखावला, त्याने स्वतःच दुसरीकडे पाठवा म्हटलं आणि डिसेंबर २०११ मध्ये डॅलसला गेला. तिथे सरासरी ६.६ वर आली आणि मोसम संपायच्या आधीच संघाने त्याला घरी पाठवलं.

आता व्यवहारानंतरचं खरं काम, मिनिटांची नवी वाटणी. एकच नियम पक्का धरा : दोन्ही मुख्य गार्ड एकाच वेळी बाहेर बसणार नाहीत. पॉइंट गार्डला पहिल्या क्वार्टरची शेवटची २ आणि दुसऱ्याची पहिली २ मिनिटं विश्रांती द्या. मधल्या २ मिनिटांच्या ब्रेकमुळे त्याला प्रत्यक्षात बरीच जास्त मिळते. तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरला हेच. म्हणजे तो ३२ वरच राहिला. दुसरा गार्ड पहिल्या क्वार्टरमध्ये ६ मिनिटं झाल्यावर बाहेर, ८ व्या मिनिटाला पॉइंट गार्ड बसताना परत आत. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ५ व्या ते ८ व्या मिनिटापर्यंत बाहेर. उत्तरार्धात तसंच. तो २६ वरून ३० वर गेला. आता २२ मिनिटांचं भगदाड १८ वर आलं, आणि त्या १८ पैकी प्रत्येक मिनिटाला तिसऱ्या गार्डच्या शेजारी एक मुख्य गार्ड आहे. तिसरा गार्ड १२ मिनिटांच्या वर टिकत नसेल तर उरलेली ६ विंगला मागे आणून काढा, शक्यतो दुसऱ्या क्वार्टरच्या मधल्या टप्प्यात, जेव्हा समोरचेही बेंचवर अवलंबून असतात.

फिबाच्या नियमात सब देताना हे विसरू नका की बास्केट झाल्यावर घड्याळ थांबत नाही आणि बदलीही करता येत नाही. चौथ्या क्वार्टरच्या आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या २ मिनिटांतच बास्केट खाल्लेल्या संघाला ती मुभा मिळते. डेड बॉल, म्हणजे शिट्टी होऊन खेळ थांबलेला क्षण, यायला कधी कधी दीड-दोन मिनिटं जातात. म्हणून ८ व्या मिनिटाची बदली हवी असेल तर खेळाडू ७ व्या मिनिटालाच टेबलजवळ बसलेला हवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या संध्याकाळी उघड्या कोर्टवर आठ मिनिटं बसलेल्या मुलाचं अंग आखडतं. जॅकेट, आणि उतरण्याआधी कोर्टामागे मिनिटभर जागच्या जागी उड्या आणि आडवी पावलं. सहाव्या खेळाडूला हे सवयीने येतं, नव्याला शिकवावं लागतं.

पहिल्या तीन-चार सामन्यांत काय बिघडेल ते आधीच दिसतं. तिसरा गार्ड आत आला की समोरचा कोच प्रेस लावणार. तिथे नव्या पिव्होटचा उपयोग करा. त्याला प्रेसच्या वेळी पुढे पळू देऊ नका, मधल्या वर्तुळाजवळ उभा करा. गार्डवर दोघे आले की उंच पास त्याच्याकडे, त्याने ड्रिबल न करता वळायचं आणि बाजूने पळणाऱ्या विंगला द्यायचं. रोज १० मिनिटं हा एकच सराव, ८ सेकंद मोजून. दुसरं बिघडतं ते पॉइंट गार्डला पहिल्या क्वार्टरमध्येच दोन फाउल झाले की. आधी सहावा खेळाडू उतरायचा, आता उतरायला तो नाही. त्यासाठी २-३ झोन तयार ठेवा आणि पॉइंट गार्डला समोरच्या सर्वात कमी ड्रिबल करणाऱ्या खेळाडूच्या बाजूला उभं करा. टाइमआउट पूर्वार्धात दोनच मिळतात, त्यातला एक दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यापर्यंत हातात राखा. तुमचं बेंच आता डगमगणार आहे आणि सावरायला तेवढाच वेळ मिळेल.

त्याच लीगमध्ये तो मुलगा तुमच्यासमोर उभा राहणार आहे, याचीही तयारी व्यवहाराच्या दिवसापासूनच करा. तुमच्या मूव्हचे सगळे इशारे, साइडलाइनवरून बॉल आत टाकायच्या मूव्हचे आकडे, प्रेस लावायचा शब्द त्याला पाठ आहे. ते सगळे बदला, आणि बदललेले निदान दोन सरावसामन्यांत वापरून बघा, नाहीतर तुमचीच पोरं गोंधळतील. तो कोणत्या हाताने आत शिरतो, दमल्यावर कुठून शूट करतो हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही, त्यामुळे त्याच्यावर तुमचा सर्वात जिद्दी डिफेंडर लावा. आणि नवा पिव्होट त्याला पिक अँड रोलवर अडवायला बाहेर येणार की मागे थांबणार, हे त्या सामन्याच्या आठवडाभर आधी ठरवून टाका.